सर्कशीचा तंबू, वाईचा कोश आणि वाघाची सीडी

१९९४ साली मायक्रोसॉफ्टने घरच्या संगणकासाठी एक सीडी बाजारात आणली. तिचे नाव ‘डेंजरस क्रीचर्स’. ती लावली की पडद्यावर रानटी जनावरे हजर होत, चित्रावर टिचकी मारली की डरकाळी ऐकू येई, आणि कोणीतरी खर्जातल्या इंग्रजीत त्या जनावराची कुंडली सांगू लागे. त्याच वर्षी २७ मे रोजी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी गेले. सातारा जिल्ह्यातल्या वाईत बसून त्यांनी मराठी विश्वकोशाचे खंडामागून खंड काढले होते, आणि त्या खंडांतही जनावरांच्या नोंदी होत्या. अस्वल काय खाते, अजगर अंडी कशी उबवतो, कोणता प्राणी कोणत्या गणातला, सगळे रीतसर मराठीत.

एकीकडे आवाज होता, मराठी नव्हते. दुसरीकडे मराठी होते, आवाज नव्हता.

कृष्णाकाठच्या घरांत या दोन गोष्टी एका पडद्यावर यायला पुढे पंधरा-वीस वर्षे लागली. या कथेत मागची शंभर वर्षेही धरावी लागतात. परमुलखातले जनावर आपल्या गावात बसून पाहण्याची हौस सातारा-सांगलीला संगणकाने लावलेली नाही. ती सर्कशीने लावली, आणि ती सर्कस बाहेरून आलेली नव्हती.

विष्णुपंत छत्रे कृष्णाकाठच्या अंकलखोपचे. घोडा शिकवण्यात त्यांचा हात धरणारा त्या काळी फारसा कोणी नव्हता, आणि कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरी ते याच कामावर होते. १८७९ च्या सुमारास ज्युसेप्पे चियारिनी या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली होती. असले खेळ हिंदी माणसाला जमायचे नाहीत असे चियारिनी म्हणाला आणि ते विष्णुपंतांना झोंबले, अशी कथा सर्कशीच्या इतिहासात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. कथेतला तिखटमिठाचा भाग सोडला तरी १८८० साली मुंबईत छत्र्यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ झाला, एवढे पक्के. हीच मंडळी पुढे केरळात तलश्शेरीला पोहोचली. तिथल्या कीलेरी कुंजिकण्णन या व्यायामशिक्षकाशी त्यांची गाठ पडली, आणि त्यातून केरळच्या प्रसिद्ध सर्कसपरंपरेचा उगम झाला.

छत्र्यांच्या मागोमाग म्हैसाळच्या देवलांची सर्कस उभी राहिली. तासगावहून परशुराम लायन सर्कस निघाली. जुन्या हिंदी सर्कशींच्या मालकांची गावे शोधू लागले की बोट पुन्हापुन्हा नकाशावरच्या याच पट्ट्यात येते. ज्या मुलखात सिंह कधी रानात दिसण्याची शक्यता नव्हती, तिथल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी सिंह पाहिला तो असा: स्टुलावर बसलेला, चाबकाच्या आवाजाने दचकणारा.

सर्कशीने जनावर जवळ आणले, त्याचा वासही आणला. सिंहाची आयाळ किती दाट असते, हत्तीची सोंड किती हळुवार वळते, हे तंबूतल्या बाकावर बसून कळे. पण तो सिंह कुठून आला, रानात काय खातो, कळपाने राहतो की एकटा, यातले काहीही तंबूत कोणी सांगत नसे. तिकिटाचे पैसे थराराचे होते, माहितीचे नव्हते.

माहिती होती, पण ती दुसऱ्याच लोकांकडे. मेंढरांमागे माणदेश तुडवणाऱ्या धनगराला लांडग्याच्या खोडी पाठ असत. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पकडून आणण्याची प्रथा होती. बीळ कोणते, नाग कोणता, धामण कोणती, हे तिथल्या पोराला शाळेत जाण्याआधी कळायचे. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आणि त्यानंतरचे न्यायालयाचे आदेश यांनी त्या प्रथेला वेसण घातली. २०२५ च्या नागपंचमीला केंद्र सरकारने तिथे मर्यादित प्रमाणात नाग पकडायला पुन्हा परवानगी दिली, आणि त्या परवानगीत कारण लिहिले ते शिक्षणाचे. आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर याच मातीतले. त्यांनी रानातले निरीक्षण साहित्यात आणले. वानरांच्या टोळ्यांवरच्या ‘सत्तांतर’ला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वानराच्या टोळीत सत्ता कशी पालटते हे मराठी घरांत पोहोचले ते कादंबरीतून.

सुटेसुटे पडलेले हे ज्ञान एका जागी, वर्णक्रमाने, शास्त्राच्या भाषेत मांडण्याचा घाट घातला गेला तो १९६० साली. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण, जन्माने देवराष्ट्र्याचे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि त्याची धुरा तर्कतीर्थांकडे आली. योगायोग असा, की त्याच महिन्यात दक्षिण सातारा जिल्ह्याचे नाव बदलून सांगली झाले. मंडळाने विश्वकोशाचे काम हाती घेतले, पण त्याचे मुख्य ठाणे मुंबई-पुण्यात न करता वाईत केले. तर्कतीर्थांची सारी घडण केवलानंद सरस्वतींच्या वाईतल्या प्राज्ञपाठशाळेत झालेली. न्याय आणि धर्मशास्त्र शिकवणाऱ्या त्या गावात आता प्राणिशास्त्राच्या नोंदी तपासल्या जाऊ लागल्या.

आधी परिभाषा ठरवायची होती. कीटक, कृंतक, सस्तन, उभयचर, गण, कुल, वंश, जाती हे शब्द एका मापाने सगळ्या खंडांत वापरायचे तर त्यांची यादी हवी. म्हणून १९७३ साली आधी परिभाषासंग्रह निघाला आणि मुख्य खंडांपैकी पहिला त्यानंतर, १९७६ साली. प्राण्यांवरच्या अनेक नोंदींखाली ‘कर्वे, ज. नी.’ अशी सही दिसते. नोंदीचा साचा ठरलेला होता: मराठी नाव, शास्त्रीय नाव, कुल, आढळ, बांधा, रंग, सवयी, प्रजनन. भाषा कोरडी, पण काटेकोर. शिकाऱ्याच्या गप्पांना तिथे थारा नव्हता.

आज हे खंड उघडणाऱ्याच्या नजरेत एक गोष्ट भरते. मजकुरात एखाद्या शब्दाच्या आधी छोटा बाण छापलेला असतो. त्याचा अर्थ, या विषयावर स्वतंत्र नोंद आहे, ती पाहा. पुढे सीडीवर पडद्यावरच्या शब्दाला टिचकी मारून जिथे जाता येई, तिथे वाईचा वाचक बाणाच्या बोटाने जात होता. फक्त मधे कपाटातून दुसरा जाडजूड खंड काढावा लागे, आणि तो निघालेला असावा लागे.

तो बहुधा निघालेला नसे. वर्णक्रमाची ही गंमत होती. अजगर आणि अस्वल ‘अ’ मधले, म्हणून ते १९७६ सालीच छापून झाले. हत्तीला ‘ह’ ची वाट पाहणे भाग होते. सतराव्या खंडापर्यंत पोहोचता पोहोचता एकविसावे शतक उजाडून काही वर्षे झाली, आणि विसाव्या खंडाने कोश पुरा झाला तो २०१५ साली. पहिल्या खंडात अस्वलाची नोंद वाचलेला शाळकरी मुलगा शेवटचा खंड हातात पडेपर्यंत पन्नाशीला आलेला होता.

इकडे वाईत ‘क’ आणि ‘ख’ छापले जात असताना दूरच्या कारखान्यांत चकतीवर माहिती कोंबण्याचे तंत्र तयार होत होते. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी गाण्यांसाठी काढलेली कॉम्पॅक्ट डिस्क संगणकाची माहिती साठवायलाही चालते, हे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ठरले. एका चकतीत साधारण ६५० मेगाबाइट मावत. नुसता मजकूर भरायचा तर सुमारे अडीच लाख पाने. त्या काळच्या घरगुती संगणकाच्या हार्ड डिस्क वीस-तीस मेगाबाइटच्या होत्या, हे ध्यानात घेतले की चकतीचा हा आकडा त्या वेळी केवढा वाटला असेल ते कळते. एवढी जागा भरायची कशाने, हा कंपन्यांपुढचा प्रश्न होता. मजकूर लिहून ती भरणे कठीण. चित्रे, आवाज आणि हलती दृश्ये मात्र जागा भराभर खातात. या तिन्ही गोष्टी ज्याच्याकडे भरपूर आहेत आणि ज्याचे मुलांना वेडही आहे, असा विषय म्हणजे वन्यप्राणी.

म्हणून मल्टिमीडियाच्या अगदी पहिल्या फळीत प्राणी दिसतात. नॅशनल जिओग्राफिक आणि आयबीएम यांनी १९९० साली सस्तन प्राण्यांचा मल्टिमीडिया कोश काढला. त्यात दोनशेच्या आसपास प्राणी, शेकडो छायाचित्रे, प्राण्यांचे खरे आवाज आणि थोडी चलच्चित्रे होती. १९९२ साली सॉफ्टवेअर टूलवर्क्स या कंपनीने सान डिएगोच्या प्राणिसंग्रहालयाबरोबर ‘द अ‍ॅनिमल्स’ ही सीडी आणली. १९९३ साली मायक्रोसॉफ्टचा ‘एन्कार्टा’ कोश आला आणि १९९४ साली ‘डेंजरस क्रीचर्स’. ही शेवटची सीडी एवढी गाजली, की १९९५ च्या विंडोजबरोबर वेगळ्या विकल्या गेलेल्या ‘प्लस’ या पॅकमध्ये संगणकाचा पडदा सजवायला त्याच नावाची थीम देण्यात आली.

या सीड्यांची बांधणी समजून घेण्याजोगी आहे. पुस्तकाला पहिले पान असते. इथे एक मुख्य चित्र असे आणि त्यातून वाटा फुटत. नकाशावरून जा, अधिवासावरून जा, प्राण्यांच्या शस्त्रांवरून जा, नाहीतर नावांच्या यादीवरून जा. हत्तीला ‘ह’ ची वाट पाहावी लागत नसे. चलच्चित्र मात्र टपाल तिकिटाहून थोड्या मोठ्या चौकटीत चाले. पहिल्या पिढीचा सीडी ड्राइव्ह सेकंदाला १५० किलोबाइट एवढीच माहिती उचलू शके. पडदाभर चित्र हलवायला तो वेग पुरत नसे. १९९१ साली कंपन्यांनी एकत्र येऊन ‘मल्टिमीडिया पीसी’ म्हणवून घ्यायला संगणकात किमान काय काय असावे याचे निकष ठरवले: ३८६ जातीचा प्रोसेसर, दोन मेगाबाइट मेमरी, साउंड कार्ड, सीडी ड्राइव्ह. वाघाची डरकाळी ऐकायला लागणारी ही किमान सामग्री होती.

सातारा-सांगलीत ती सामग्री यायला काही वर्षे लागली. संगणक इथे नवखा नव्हता. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ सालचे, कराडचे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे, इस्लामपूरजवळ राजारामनगरचे १९८३ चे. मुलांना संगणक शिकवण्याचा देशव्यापी प्रयोगही झाला होता. ‘क्लास’ नावाच्या केंद्र सरकारच्या योजनेत १९८४-८५ पासून देशातल्या निवडक शाळांना ब्रिटनच्या बीबीसी मायक्रो बनावटीचे संगणक मिळाले होते. पण प्रयोगशाळेतला संगणक वेगळा आणि दिवाणखान्यातला वेगळा. घरात तो आला नव्वदच्या उत्तरार्धात, बहुतेक ठिकाणी ‘असेम्बल्ड’ होऊन: कॅबिनेट एका कंपनीचे, मॉनिटर दुसऱ्या, आत तिसऱ्याच कोणाचे सुटे भाग. सीडी ड्राइव्ह, साउंड कार्ड आणि दोन स्पीकर हे ‘मल्टिमीडिया किट’ म्हणून वेगळे मिळे. सगळे मिळून पन्नास हजारांच्या वर जाई. म्हणजे मोटारसायकलीपेक्षाही जास्त. एवढा खर्च घरात पटवून द्यायचा तर ‘मुलांच्या अभ्यासासाठी’ हे एकच कारण चाले, आणि त्या कारणाला पुरावा म्हणून प्राण्यांची नाहीतर ज्ञानकोशाची सीडी उपयोगी पडे. संगणक मासिकांबरोबर फुकट येणाऱ्या सीड्यांवर अशा कार्यक्रमांचे नमुने असत. पाहुणे आले की मुलाला हाक मारून सिंहाची डरकाळी ऐकवायला लावणे, हा त्या वर्षांतला सुखवस्तू घरांतला नेमाचा कार्यक्रम.

या सीड्यांतली भाषा इंग्रजी होती, आणि भूगोलही तिच्याबरोबरच आलेला होता. त्या अमेरिकी आणि ब्रिटिश घरांसाठी बनवलेल्या, त्यामुळे सवाना, अ‍ॅमेझॉन, प्रवाळाची बेटे, ध्रुवप्रदेश या वाटांनी जाण्याची मुभा होती. सह्याद्री अशी वाट नव्हती. वाघ आणि नाग यांना ‘आशिया’ च्या पोतडीत जागा मिळे. मराठी शाळेतल्या मुलाला निवेदन कळत नसेच, पण त्याने त्याचे फारसे अडत नसे. चित्र, आवाज आणि टिचकी यांवर तो पुढे जाई. हिप्पो, जिराफ, पेंग्विन त्याच्या ओळखीचे झाले. पोलर बेअर म्हणजे पांढरे अस्वल, हे त्याला सांगायला वाईच्या कोशाची गरज उरली नाही.

त्याच काळात खिडकीबाहेर काय चालले होते? १९८५ साली कोयना आणि चांदोली ही दोन्ही अभयारण्ये जाहीर झाली. चांदोलीला पुढे २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. कोयनेचे रान साताऱ्यात. चांदोलीचे सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांना टेकलेले. गवे, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या आणि राज्यप्राणी शेकरू हे तिथले रहिवासी. खाली कृष्णेच्या डोहांत मगरी. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप भागात नदीवर जाणाऱ्याला त्यांचा अंदाज ठेवूनच पाण्यात उतरावे लागते. म्हणजे ज्या गावातून हिंदी सर्कस निघाली, त्याच गावच्या नदीत मगर फुकट दिसते, फक्त तिच्याभोवती पिंजरा नाही. उसाचा पट्टा वाढला तसा बिबट्या उसातच नांदू लागला. कराड, शिराळा, वाळवा भागात ऊसतोडीच्या हंगामात पिल्ले सापडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

आणि सागरेश्वर. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्र्याजवळचे हे डोंगर एकेकाळी बोडके होते. धों. म. मोहिते या स्वातंत्र्यसैनिकाने तिथे झाडे लावण्याचा ध्यास घेतला, लोकांच्या आणि सरकारी खात्यांच्या पाठीस लागून त्यांना कामाला लावले. झाडे लागली, हरणे आणि सांबरे आणून सोडली गेली, आणि १९८५ साली जेमतेम अकरा चौरस किलोमीटरच्या त्या पट्ट्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. माणसांनी रान लावून त्यात जनावरे वसवल्याचे एवढे ठळक उदाहरण राज्यात दुसरे शोधावे लागते. त्याच्यावर मल्टिमीडिया सीडी काढायला त्या काळी कोणी धजावले नाही. बाजार छोटा, आणि मराठीत काढायची तर संगणकच आडवा येई.

ही अडचण तांत्रिक होती आणि आज विसरली गेली आहे. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने १९८८ पासून भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम जोमाने केले, आणि मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपी या फाँटसंचाने छापखान्यांचा चेहरा बदलला. पण प्रत्येक फाँटची आतली संकेतपद्धत वेगळी. एका फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की त्याची अगम्य रोमन अक्षरे होत. सीडी विकणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या घरी कोणता फाँट आहे हे कसे कळणार? एक तर फाँट बरोबर द्यावा, नाहीतर सगळा मजकूर चित्र म्हणून चिकटवावा. मग शोधण्याची सोय गेली, बाणावरून उडी मारण्याची सोयही गेली. विंडोजने देवनागरीला युनिकोडसह, म्हणजे सगळीकडे एकच असलेल्या संकेतपद्धतीसह, मनापासून घरात घेतले ते २००० च्या आवृत्तीपासून. मराठी मजकूर, हलते चित्र आणि आवाज हे तिन्ही एकत्र देणारी सरकारी संस्था मात्र आधीपासून होती. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ पासून शाळकरी मुलांसाठी दूरदर्शनचे कार्यक्रम बनवत असे. पण दूरदर्शनचा कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागे आणि संपे. पुन्हा पाहू म्हटले तर सोय नव्हती. ती संस्था २०१७ साली बंद झाली.

शतक पालटताना तीन-चार गोष्टी हातात हात घालून घडल्या. १९९८ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांना खेळांत वापरायला बंदी केली. सर्कसवाले न्यायालयात गेले, आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम केली. छत्र्यांच्या मुलखातले सर्कशीचे पिंजरे रिकामे झाले. त्याच १९९८ साली वारणा खोऱ्यातल्या सत्तर गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली ही गावे; शेतकऱ्याला उसाच्या नोंदी, बिले, बाजारभाव गावातच पडद्यावर मिळावेत हा हेतू. आणि २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ म्हणजे एमकेसीएल स्थापन होऊन एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगावी उघडू लागले. सरकारी नोकरीला हे प्रमाणपत्र लागते म्हटल्यावर तालुक्याच्या गावी संगणकाचे वर्ग भरून वाहू लागले. माउस कसा धरायचा हे सातारा-सांगलीच्या एका अख्ख्या पिढीने तिथे शिकून घेतले.

सर्कशीतला वाघ गेला तेव्हा त्याची जागा आधीच दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांनी घेतली होती. डिस्कव्हरी भारतात १९९५ साली आली. केबलवाल्याच्या महिन्याच्या पैशांत वाघ रोज, पडदाभर आणि हलता दिसू लागला. टपाल तिकिटाएवढ्या चौकटीतला सीडीवरचा वाघ त्याच्यापुढे फिका पडला. सीडीचे घरगुती आयुष्य त्यामुळे जेमतेम दहा वर्षांचे. सातारा-सांगलीत तर त्याहूनही कमी, कारण इथे ती उशिरा आली आणि इंटरनेट तिच्या पाठोपाठच दारात उभे राहिले. त्यातच राज्यात भारनियमनाची वर्षे आली, आणि गावाकडे संगणक कधी चालवायचा हे वीजमंडळाचे वेळापत्रक ठरवू लागले. मायक्रोसॉफ्टने २००९ साली ‘एन्कार्टा’ गुंडाळला.

वाईचा कोश मात्र या सगळ्या काळात थांबला नव्हता. तर्कतीर्थांनंतर मे. पुं. रेगे, रा. ग. जाधव, श्रीकांत जिचकार यांनी तो पुढे नेला, आणि विजया वाड यांच्या अध्यक्षपदाच्या काळात तो कागदाबाहेर पडला. सी-डॅकच्या मदतीने खंडांचा मजकूर संगणकात गेला आणि २०११ साली विश्वकोश इंटरनेटवर खुला झाला. राज्याचे मुख्यमंत्री तेव्हा कराडचे पृथ्वीराज चव्हाण होते. याच काळात शाळकरी वाचकांसाठी कुमार विश्वकोशाची योजना झाली, आणि त्यात पहिला मान मिळाला तो ‘जीवसृष्टी आणि पर्यावरण’ या विषयाला. पुढे विद्यापीठे आणि संस्थांच्या साहाय्याने ज्ञानमंडळे नेमून नोंदी अद्ययावत करण्याचे काम सुरू झाले. आता संकेतस्थळावरच्या प्राण्यांच्या नोंदींना रंगीत छायाचित्रे आहेत, काहींना चित्रफितीही जोडलेल्या आहेत. छापील खंडातला बाण बोट लावताच उघडणारा दुवा झाला आहे. हत्तीसाठी शेवटच्या खंडापर्यंत थांबावे लागत नाही.

नव्वदच्या दशकातल्या सीड्यांची गत याच्या उलट झाली. ‘डेंजरस क्रीचर्स’ सोळा बिटांच्या विंडोजसाठी लिहिलेली. आजचे चौसष्ट बिटांचे विंडोज तो कार्यक्रम सुरूच करत नाही. जुन्या संगणकाची नक्कल करणारे सॉफ्टवेअर बसवून जाणकार ती चालवतात. नव्या लॅपटॉपला तर सीडी घालायला जागाच नसते. १९७६ सालचा वाईचा पहिला खंड तालुक्याच्या वाचनालयात कपाटातून काढून वाचता येतो आणि १९९४ ची सीडी तशी चालवता येत नाही, याची खंत प्राण्यांपेक्षा संगणकाचा इतिहास लिहिणाऱ्यांना जास्त आहे.

दरम्यान, रानातली चित्रे काढण्याचे साधन रानातच येऊन बसले. २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. क्षेत्र अकराशे चौरस किलोमीटरच्या वर. वाघ आहे की नाही यावर अनेक वर्षे वाद घालायला भरपूर वाव होता. पाऊलखुणा मिळत, विष्ठा मिळे, वाघ दिसत नसे. मग झाडांना बांधलेले कॅमेरे कामाला लागले. समोरून काही हलले, की त्याच्या उष्णतेने आणि हालचालीने कॅमेरा आपोआप टिपतो. २०१८ च्या मे महिन्यात अशाच एका कॅमेऱ्यात वाघ आला. सह्याद्रीतल्या वाघाचे ते चित्र वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून ज्या घरांत पोहोचले, त्यांतल्या कित्येकांत वीस वर्षांपूर्वी सान डिएगोच्या पिंजऱ्यातली जनावरे सीडीवरून आली होती.

जनावर मोबाइलच्या कॅमेऱ्यातही येऊ लागले. २०२१ च्या डिसेंबरात एक गवा थेट सांगलीच्या मार्केट यार्डात शिरला. हळदीच्या पेठेत गवा आल्याची खबर लागताच बघ्यांची गर्दी लोटली. वनखात्याने पुष्कळ खटपट करून त्याला गाडीत चढवले आणि जंगलात नेऊन सोडले. त्या गव्याच्या चित्रफिती सांगलीकरांनी स्वतःच काढल्या होत्या, आणि त्यांवरचे निवेदनही त्यांचेच होते: अस्सल सांगलीच्या बोलीत, गर्दीच्या आरडाओरड्यासकट.